तुझी माणसं मला हवी होती

प्रज्ञा,

तू गेल्याचं कळलं त्या दुपारी वर्गातल्या प्रत्येकानं तुझ्यासोबतचा आपापला फोटो स्टेटसला ठेवला. कुणाच्या खांद्यावर तुझा हात, कुणाच्या डब्यात तुझा घास, कुणाच्या वाढदिवसाला तू मागं उभी राहून त्याच्या डोक्यावर दोन बोटांची शिंगं करतेयस. मी माझा फोन दोनदा चाळला. दीड वर्ष आपण एकाच एसटीनं जात-येत होतो, आणि फक्त आपल्या दोघींचा असा एकही फोटो निघाला नाही. एकात तू आहेस, मी आहे, आणि मधे स्नेहलनं मान घातली आहे. तिला कापून काढायला गेले तर तुझा अर्धा गाल जात होता. हातकणंगल्यात आमच्या दुकानावरच्या माडीत बसून, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, मी स्नेहलला कापत होते. दुःखानं माणसाचं मन मोठं होतं म्हणतात. माझं काही झालं नाही.

कबनूरला तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला सगळे बोलले. मी बोलले नाही. बोलायला उभी राहिले असते तर तोंडातून काय निघालं असतं याची मला खात्री नव्हती. म्हणून हे लिहितेय. तुलाच लिहितेय, कारण यातलं बरंचसं तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यासारखं नाही.

समाजकार्याच्या पहिल्या वर्षाला आपण आलो तेव्हा मला वाटलं होतं, इथं मी पहिली असणार. बी.ए.ला होतेच. माझ्या वह्या चार रंगांत असायच्या. तू मागच्या बाकावर बसायचीस आणि सरांनी प्रश्न विचारला की अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर द्यायचीस. बहुतेक वेळा चुकीचं. एकदा मी म्हटलं, जरा हळू बोल गं. तू म्हणालीस, आईबाप दोघं यंत्रमागावर, चोवीस तास खडखडाट, आमच्या गल्लीत हळू बोललेलं कुणाला ऐकू येत नाही. आणि हसलीस. मला तुझं ते हसणं आवडलं नव्हतं. ते सगळ्यांसाठी सारखंच होतं.

फील्डवर्कला मला कौटुंबिक सल्ला केंद्र मिळालं होतं. तिसऱ्याच आठवड्यात एक बाई आल्या, माझ्या आईच्या वयाच्या. नवऱ्यानं घराबाहेर काढलेलं. मी पुस्तकातल्यासारखे प्रश्न विचारत गेले, लिहीत गेले. त्यांनी थोडा वेळ उत्तरं दिली, मग माझ्या वहीवर हात ठेवून म्हणाल्या, "बाळ, तू लहान हाईस. तुला काय कळणार हाय ह्यातलं? मोठं कुणी असलं तर बोलव." मी मोठ्या मॅडमना बोलावलं आणि बाहेर येऊन बाकावर बसले. संध्याकाळच्या एसटीत शिरोली येईपर्यंत धरून ठेवलं होतं, मग रडू फुटलं. तू शेजारी होतीस. तू काही समजावलं नाहीस. खिडकीची काच सरकवून उघडलीस, म्हणजे वाऱ्याच्या आवाजात पुढच्या लोकांना माझं रडणं ऐकू जाऊ नये, आणि हात धरून बसलीस. हेर्ले गेलं, अतिग्रे गेलं. मग म्हणालीस, "मलाबी परवा एका म्हातारीनं हाकलून दिलं. मी कुणाला सांगितलं न्हाय."

तेव्हा मी म्हणाले होते, आठवतं? की आपण सगळ्यांनी आठवड्यातून एकदा बसलं पाहिजे. सरांसमोर नाही, मॅडमसमोर नाही. आपलं आपण. फील्डवर जे झालं ते एकमेकांना सांगायचं, रिपोर्टमध्ये लिहिता येत नाही ते. मी म्हटलं, याची नीट रूपरेषा करते, वेळ, नियम, नोंदवही, मग विभागाची परवानगी घेऊ. तू म्हणालीस, लई भारी. मी घरी जाऊन रूपरेषेची दोन पानं लिहिली.

त्या शनिवारी चुलतबहिणीचा साखरपुडा होता म्हणून मी बेळगावला गेले. सोमवारी येऊन बघते तर बैठक होऊन गेलेली. विभागाच्या मागं पाण्याच्या टाकीजवळ सिमेंटचा कट्टा आहे, तिथं नऊ जण बसले होते म्हणे. दीड तास. भडंग खाल्लं. स्नेहल रडली, वर्गात कधी तोंड न उघडणारे तानाजीदादा पहिल्यांदा काहीतरी बोलले. आणि सगळे त्याला म्हणू लागले होते, प्रज्ञाचा कट्टा.

मी तुला जिन्यात गाठलं. ही कल्पना माझी होती, असं म्हणाले. अगदी याच शब्दांत, पहिलीतल्या पोरीनं पेन्सिल मागावी तसं. तू गोंधळलीस. म्हणालीस, "तुझीच हाय की. कोण न्हाय म्हणतंय? शनिवारी ये, बस."

"मग सगळे तुझं नाव का घेतात?"

"ते मला काय ठावं. मी न्हाय सांगितलं घ्यायला."

खरं होतं. तू सांगितलं नव्हतंस. त्याचाच राग होता. मी दोन पानं लिहून जे करणार होते ते तू भडंगाचा पुडा फोडून करून टाकलंस. आपलं ते भांडण पुढं कधी संपलं नाही. विषय निघाला की तू "तुझीच हाय की" म्हणायचीस आणि मला ते भीक घातल्यासारखं वाटायचं.

मी शनिवारी येऊ लागले. पाहिलं की माणसं तुझ्याकडं बघून बोलतात. मी बाजूला बसलेली असले तरी. माझ्याकडं प्रत्येक अडचणीवर उपाय असायचा, वाचलेला, बरोबर. तुझ्याकडं नसायचा. तू म्हणायचीस, बाप रे, मग? आणि ती माणसं पुढं बोलत जायची.

एकदा तू आमच्या घरी जेवायला आलीस. तुला कधी सांगितलं नाही, पण त्याआधी दोन दिवस मी अव्वाला, म्हणजे आमच्या आईला, काय बोलायचं नाही ते पढवत होते. आमच्या लिंगायतांच्या घरात बौद्ध मैत्रीण स्वयंपाकघरात येऊन जेवणार, ही पहिलीच वेळ होती. अव्वानं तुला पाणी कुठल्या पेल्यात दिलं ते मी बघत राहिले. रोजच्याच दिलं. मला हायसं वाटलं. मग आप्पांनी दुकानातून हाक मारली, सरकी पेंडीची पोती उतरवायला माणूस आला होता, म्हणून मी दहा मिनिटं खाली गेले. परत आले तर अव्वा चपात्या लाटता लाटता तुला सांगत होती की तिला डी.एड.ला प्रवेश मिळाला होता, चार महिने ती गेलीही होती, मग लग्न ठरलं. तिच्या बाईंचं नाव, वर्गातली तिची जागा, सगळं.

मी तेवीस वर्षं तिची मुलगी आहे. मला यातलं अक्षर माहीत नव्हतं.

एसटी स्टँडवर तुला सोडायला येताना मी विचारलं, हे तू तिच्याकडून काढलंस कसं? तू म्हणालीस, "काढलं न्हाय गं. त्या लाटत हुत्या. मी म्हटलं, तुमचं शाळेत मन लागायचं का? तर सांगाय लागल्या." तुझी बस गेली. घरी येऊन मी अव्वाशी दोन दिवस धड बोलले नाही. तिला कारण कळलं नाही. तुझ्याबद्दल ती पुढं दर आठवड्याला विचारायची, ती कबनूरची पोरगी कशी आहे, आणि मी म्हणायचे, बरी आहे.

आता ते सांगते, जे तुला माहीत नाही असं मी वर्षभर धरून चालले होते.

दुसऱ्या सत्रात स्नेहलनं कट्ट्यावर एका बाईची हकीगत सांगितली. सांगताना त्या बाईचं नाव घेतलं, गावाचंही घेतलं. आपल्या कामात हे चालत नाही, हे आपल्याला पहिल्या आठवड्यात शिकवलेलं. तूही तिथंच होतीस, तू तिला हळूच टोकलंस, ती ओशाळली, विषय पुढं गेला. मी मात्र सोमवारी विभागातल्या मॅडमच्या केबिनमध्ये गेले. सांगितलं की कट्ट्यावर लोकांची नावं घेतली जातात, गोपनीयता राहत नाही. माझं नाव येऊ देऊ नका असंही म्हणाले. मॅडमनी त्याच दिवशी बैठक बंद केली.

मी खोटं बोलले नव्हते. आजही कुणी विचारलं तर तेवढं म्हणू शकते. पण मॅडमच्या केबिनमधून बाहेर पडताना मला त्या बाईची काळजी नव्हती वाटत. मला हलकं वाटत होतं. आता शनिवारी तू कुणाचीच नसणार होतीस.

संध्याकाळी एसटीत तू म्हणालीस, कुणीतरी मॅडमना सांगितलंय बघ. मी म्हटलं, नियम हवेतच. तू म्हणालीस, "हवेत की. मग नियम करून बसूया. बंद कशाला?" मी झोपल्याचं सोंग घेतलं आणि हातकणंगल्याला उतरले.

तीन आठवडे कट्टा बंद राहिला. त्या तीन आठवड्यांत सारिका गावी निघून गेली. चंदगडकडची, बुटकी, कमी बोलणारी सारिका, जिला बालगृह मिळालं होतं. तिथली एक लहानगी दर वेळी निघताना तिचा दुपट्टा सोडायची नाही, आणि सारिका ते दर शनिवारी कट्ट्यावर सांगायची, प्रत्येक वेळी तेच, जवळपास त्याच शब्दांत. मला कंटाळा यायचा. तू प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकायचीस. बैठक थांबली तेव्हा तिला हे सांगायला जागा उरली नाही. दुसऱ्या आठवड्यात तिनं येणं बंद केलं. फोन बंद. होस्टेलवरची कॉट रिकामी.

तू रविवारी उठून तिच्या गावाला गेलीस. तीन तास जायला, तीन यायला, वर चढावरचं घर. सोमवारी वर्गात तू आणि तुझ्या मागं बॅग घेतलेली सारिका. सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मी मोडलं होतं ते तू जोडून आणलंस, आणि मला त्याचाही हेवा वाटला. आणखी एक माणूस तुझं झालं.

मग नियम करून कट्टा पुन्हा सुरू करायचं ठरलं, आणि मॅडमनी ते लिहायचं काम मलाच दिलं. मी सात नियम लिहिले. तू ते कट्ट्यावर मोठ्यानं वाचून दाखवलेस आणि म्हणालीस, शैलानं किती नीट लिहिलंय बघा. मी मान खाली घालून बसले. सगळ्यांना वाटलं, लाजतेय.

तू त्या सकाळी चहाचा कप हातात घेऊन बसलीस आणि तिथंच गेलीस, एवढंच आम्हाला फोनवर कळलं. बाकीचं तुझ्या घरी आल्यावर तुझ्या भावानं सांगितलं. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यात हृदयाची एक झडप खराब झालेली. शेवटची परीक्षा झाली की ऑपरेशन करायचं ठरलं होतं. आम्ही वीस-बावीस जण तुझ्या अंगणात उभे, आणि एकमेकांची तोंडं बघत होतो. कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्या वर्गाचं सगळं ज्या मुलीला माहीत, तिचं एवढं मोठं कुणाला माहीत नव्हतं. आणि मला, प्रज्ञा, लाज वाटते सांगायला, पण क्षणभर बरं वाटलं. म्हणजे तू कुणालाच सांगितलं नव्हतंस. म्हणजे मी एकटीच बाहेर नव्हते.

मग मला तानाजीदादा दिसले. आपल्या वर्गातले सगळ्यात मोठे, छत्तीस वर्षांचे, सकाळी वडापची, म्हणजे सीटवर भरायची रिक्षा मारून कॉलेजला येणारे आणि तासाला डुलक्या घेणारे. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. वंदना झाली, माणसं पांगली, तेव्हा मी त्यांना गल्लीच्या तोंडाशी गाठलं. दोन घरं सोडून माग चालू होते, त्यामुळं जवळ जाऊन विचारावं लागलं.

"दादा, तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय. दिवाळीच्या आधीपासनं."

"तुम्हालाच का सांगितलं तिनं?"

"तिनं कुठं सांगितलं? मी विचारलं. जिन्यात बसलेली, व्हट निळं पडलेलं. म्हटलं, पोरी, बरं वाटंना व्हय? तर रडली. मग बोलली."

जिन्यात. आपला विभाग दुसऱ्या मजल्यावर. मधल्या वळणावर खिडकीचा कठडा आहे, तिथं तू रोज बसायचीस, येईल-जाईल त्याच्याशी बोलत. आम्ही त्याला प्रज्ञाचं ऑफिस म्हणायचो. मी वर येताना तुझ्याभोवती दोघंतिघं दिसली की न बघता पुढं जायचे. एकदा तू हाक मारलीस, शैला, थांब की जरा. मी म्हटलं, तास सुरू झालाय, तुझा दरबार चालू दे. तुला तेव्हा दम लागला होता. तू तिथं माणसं गोळा करत नव्हतीस, श्वास गोळा करत होतीस, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते कळू नये म्हणून बोलत होतीस. मी रोज तिथून गेले. मला दरबार दिसला. तानाजीदादांना ओठ दिसले.

मी विचारलं, कुणाला सांगू नका म्हणाली का? ते म्हणाले, "व्हय. म्हणली, दादा, ह्यास्नी कळलं की समदी मला सांगायची बंद हुतील. आजारी माणसाला कोण दुखणं सांगतंय? म्हणली, मग माझं काय ऱ्हाईल."

हे मी कितीदा मनात फिरवलं असेल. म्हणजे तुलाही आम्ही लागत होतो. मी समजत होते की तू वाटतेस आणि आम्ही घेतो. त्या क्षणी तुझा राग आला, की आम्हाला इतकं ओळखूनही तू आमच्यावर एवढाही विश्वास ठेवला नाहीस. आणि त्याच क्षणी तानाजीदादांचा हेवा वाटला, इतका, की त्यांनी पुढं केलेली पाण्याची बाटली मी घेतली नाही.

काल शनिवार होता. कट्टा भरेल की नाही, कुणी काही बोललं नव्हतं. मी गेले तर चौदा जण आलेले. तुझी जागा कुणी ठरवून मोकळी ठेवली नव्हती, दाटीवाटीत ती बुजून गेली होती. स्नेहल म्हणाली, कुणीतरी बोला. तेव्हा मी बोलले. मॅडमकडं मी गेले होते, एवढंच आधी सांगितलं. मग का गेले तेही सांगितलं. गोपनीयतेसाठी गेले असं म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. म्हटलं, मला प्रज्ञाचा हेवा वाटायचा. अजून वाटतो.

स्नेहलचं तोंड लाल झालं. सारिका उठली, टाकीच्या नळाकडं गेली, बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. मला वाटलं, ही आता निघून जाणार, आणि यावेळी आणायला कुणी नाही. ती परत आली. बसली नाही. तोंड धुतलेलं, दुपट्टा ओला.

"तिला ठावं हुतं," ती म्हणाली.

"काय?"

"तूच सांगितलंस ते. गावाकडनं येताना एसटीत मी तिला इचारलं, कट्टा बंद कुणी पाडला गं? म्हणली, जिनं सुरू केला तिनंच. मला काय कळलं न्हाय तवा. मला वाटलं, स्वतःबद्दल बोलतीया, स्नेहलला गप केलं न्हाय म्हणून मन खातंय तिला." ती माझ्याकडं बघत राहिली. "तुझ्याबद्दल बोलत हुती व्हय."

जिनं सुरू केला तिनंच. वर्षभर मला हेच ऐकायचं होतं. प्रत्येक वेळी तू "तुझीच हाय की" म्हणत आलीस आणि मला ते नुसती समजूत घातल्यासारखं वाटलं. मी नसताना, मी तुझ्याविरुद्ध केलेल्या गोष्टीबद्दल बोलतानाही तू तेच म्हणालीस. म्हणजे तू ते मनापासून म्हणत होतीस. आणि त्यानंतर वर्षभर, हे सगळं माहीत असून, माझ्या शेजारी बसून कोल्हापूर ते हातकणंगले येत राहिलीस.

कट्ट्यावरची माणसं माझ्याकडं बघत होती. तुझी माणसं. त्यांनी मला माफ केलं का, मला माहीत नाही. स्नेहलनं तर नक्कीच नाही. मी रडले, आणि सगळ्यांना वाटलं, पश्चात्तापानं रडतेय. तोही होता, पुष्कळ होता. पण तुझ्याशी आता खोटं कशाला बोलू, प्रज्ञा. ते वाक्य ऐकल्यावर माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते हे, की एवढी गोष्ट तू सारिकाला सांगितलीस. मी रोज शेजारी बसलेली असायचे, मला का नाही सांगितलीस.

तुझी,
शैला